फिकट गहू

१८ नोव्हेंबर २०२४

पेरलं! शेवटी पेरलं — आणि माझ्या पद्धतीने. कालव्याच्या चारीच्या कडेचा एक एकर माझा. बाकीच्या वावरात रामप्रसादने दरसालसारखाच गहू पेरला. (नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, इथे लिहिते. इथे कोण ऐकतंय!)

सकाळभर वाद. पेरताना युरिया किती टाकायचा यावरून. मी म्हटलं, थोडाच, तोही मातीआड. बाकीचा पुढे, पान बघून. तो म्हणाला, "पान पाहून? पान काय बोलते का तुला?" ट्रॅक्टरवाला हसला. मीही हसले, काय करणार! मेंढरं घेऊन मामा वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभे होते. सासऱ्यांनी असं मध्ये बोलायचं म्हणजे कमालच — पण बोलले. "एक एकर दे तिला. शेतीचं शिकून आलेली सून आणली आपण. तिचं शिक्षण काय चुलीत घालतू?"

रामप्रसादने एक एकर सोडला. मामांसमोर त्याचं कधी चालत नाही.

चारीचं पाणी आधी नरसिंगभाऊंच्या वावराला लागतं, मग आमच्या. त्यांनीही एक एकर संस्थेच्या या कमी युरियाच्या प्रयोगाला दिलाय. अख्ख्या गावात दोघंच — ते आणि मी.

२१ नोव्हेंबर

संस्थेच्या मॅडमचा फोन. आमच्या विहिरीच्या पाण्याचा तपास आला. नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्या पाणीच भरत होत्या. म्हणाल्या, "माझं सारं आयुष्य ह्याच पाण्यावर गेलं. मेले का मी?" आणि घागर उचलून चालू लागल्या.

कसं समजवायचं? आपण जो युरिया फेकतो त्यातला बराचसा गव्हाला मिळतच नाही. काही उन्हात उडून जातो — फेकल्यावर त्याचा तो नाकात झोंबणारा वास येतो, तो पैसा नाही का उडत! — काही भरमसाट पाण्यासोबत खाली झिरपतो. आणि खाली विहीर आहे. आपलाच युरिया आपण पितो. हे एवढं साधं आहे. पण सांगायला लागले की लोकांना वाटतं मी भाषण करतेय.

९ डिसेंबर

पहिलं पाणी. दुसरा हप्ता दिला. पाणी हलकंच द्या म्हणून मी वावरातल्या पाण्याच्या दांडावर उभी राहून सांगत होते. रामप्रसाद फावडं टाकून निघून गेला. "तूच धर पाणी." मग मीच धरलं. साडी गुडघ्यापर्यंत चिखलात.

वरून नरसिंगभाऊ ओरडले, "ताई, माझं झालं, सोडू का तुमच्याकडं?" त्यांची बायको सोजराबाई चहा घेऊन आली. धुऱ्यावर बसून प्यायलो. आत्याबाईंना कळलं तर म्हणतील, त्यांच्या हातचा चहा प्यालीस. कळू दे!

३० डिसेंबर

रंगपट्टी घेऊन वावरात गेले. पट्टी म्हणजे हाताएवढं प्लास्टिक, फिकट पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत खाने. पानावर धरायची, आपल्या अंगाच्या सावलीत, उन्हात नाही. पान तिसऱ्या-चौथ्या खान्याच्या मधे असलं की शेवटचा हप्ता द्यायचा. दिला. नरसिंगभाऊंच्याही वावरात पाहिलं. सारखाच रंग. त्यांनीही दिला.

आता बास. आता याहून युरिया नको. गव्हाला पुरेसं आहे.

६ जानेवारी २०२५

गहू बरा आहे. चांगलाच आहे! पण फिकट दिसतो. नाही — फिकट नाही, हिरवाच आहे. शेजारचे काळेशार आहेत म्हणून फिकट दिसतो. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबतो, एकदा आमच्याकडे बघतो, एकदा खाली व्यंकटरावांच्या गव्हाकडे बघतो, आणि काही न बोलता पुढे जातो. ते न बोलणंच जास्त लागतं.

११ जानेवारी

जवळा बाजार गावाहून रामप्रसाद आला तो जेवलाच नाही. तिथे हॉटेलात व्यंकटराव भेटले. हेच कालव्याच्या पाणीवाटपाचे अध्यक्ष, चारीचं दार त्यांच्या शब्दावर उघडतं. चार माणसांत म्हणाले, "काय रे रामप्रसाद, वावर बायकोच्या नावानं केलं म्हणं? गव्हाला कावीळ झाली का काय?"

सगळे हसले असणार. मला दिसतंच ते.

मी म्हटलं, "दीड-दोन महिन्यांत दाणे मोजू. मग हसतील का बघू."

"तवर काय तोंड लपवू?" — एवढंच म्हणाला.

१५ जानेवारी

काही विशेष नाही. मामांच्या एका मेंढीला दोन पिल्लं झाली. दोन्ही माद्या. मामा लहान पोरासारखे खूश! हरभऱ्याची भाजी केली.

१९ जानेवारी

लिहायला हात वळत नाही. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

मी घरी भाकरी थापत होते. वावराकडून मामांची हाक आली — हाक नाही, किंकाळीच. धावत गेले. धुऱ्यापाशी, जिथून पाणी नरसिंगभाऊंच्या वावराकडून आमच्याकडे उतरतं, तिथे मेंढरं पडलेली. काही थरथरत होती, काही उठायला जात होती आणि पुन्हा पडत होती. पोटं फुगलेली, तोंडाला फेस. मामा एकीकडून दुसरीकडे पळत होते. नुसते पळत होते. "भुरे ऊठ! ऊठ गं माय!"

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सिरका — व्हिनेगर — पाजा. गावात कुठला सिरका! मग म्हणाले, आंबट काहीही — चिंच, लिंबू — आणि भरपूर गार पाणी. आत्याबाई आणि मी चिंच कालवून बाटलीने पाजत सुटलो. दात घट्ट मिटलेले. एकीचं तोंड मी उघडून धरलं आणि ती माझ्या हातातच गेली.

डॉक्टर औंढ्याहून येईपर्यंत अर्ध्याहून जास्त कळप संपला होता. त्यांनी धुऱ्याजवळचा खड्डा पाहिला. थोडं पाणी उरलं होतं तळाशी, कडेला पांढरे दाणे चिकटलेले. म्हणाले, "युरियाचं पाणी पिलीत. तहानलेली होती, खारट लागलं, ढोसलं."

मामा म्हणाले, "इथं युरियाचं पाणी कुठून आलं?"

 सगळ्यांच्या माना वर वळल्या. नरसिंगभाऊंच्या वावराकडे.

रामप्रसाद सकाळी बाजारात गेला होता, दुपारी आला. बघितलं आणि मातीतच बसला. मग फावडं घेऊन एकटाच खड्डा खणत राहिला, मेंढरं पुरायला. एकदाही मान वर केली नाही. मला त्याची दया आली.

चार दिवसांपूर्वी झालेली दोन पिल्लं जिवंत आहेत. ती घरी होती. त्यांची आई नाही.

२० जानेवारी

दिवसभर माणसं येऊन राहिली. माणूस गेल्यावर येतात तशी. मामा ओट्यावर बसून. प्रत्येकाला तेच सांगतात — "पाण्याला नेलं. मीच नेलं. माझ्याच हातानं नेलं."

व्यंकटराव आले. मामांच्या शेजारी बसले, खांद्यावर हात टाकला. "रामकिशन, हे आपोआप झालं का? वरच्या वावरातून उतरलंय. लोक आता आपल्या बराबरीनं शेती करून राहिले. त्येंना जनावराची किंमत काय कळंल?"

तेवढ्यात नरसिंगभाऊच आले. चपला बाहेर काढून अंगणात उभे राहिले. कोणी बसा म्हटलं नाही. ते म्हणाले, "रामकिशनदादा, लई वाईट झालं. पर म्या ह्या महिन्यात युरियाची थैली हातातबी धरली न्हाई. मोहिनीताईला इचारा. पान पाहूनच देतो मी, त्येंनी सांगितलं तसं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "हो... तसं ठरलं होतं."

ठरलं होतं! त्यांनी टाकला नाही, असं का नाही म्हटलं मी? मला खात्री नव्हती म्हणून? की अंगण भरलेलं होतं म्हणून? क्षणभर माझ्याही मनात आलंच ना — टाकला असेल का? गहू फिकट दिसतो म्हणून त्यांनाही कोणी हिणवलं असेल, टाकला असेल चोरून.

नरसिंगभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि गेले.

२३ जानेवारी

पिल्लांना बाटलीने दूध पाजते. एक पितं. दुसरं नाही.

२४ जानेवारी

दुसरं गेलं.

२७ जानेवारी

आज पट्टी घेऊन गेले. कशाला गेले देव जाणे. सवय.

आधी नरसिंगभाऊंच्या वावरात शिरले. चोरासारखी, कोणी नाही बघून. पान धरलं. होतं तिथेच, उलट थोडं उतरलेलं. दुसरं, तिसरं — पाच-सहा ठिकाणी पाहिलं. या गव्हाला नवीन युरिया मिळालेला नाही. हे मला डोळे मिटूनही सांगता येईल.

मग आमच्यात आले. आणि पट्टी न धरताच कळलं. काळा. व्यंकटरावांच्या गव्हासारखा काळाशार. दांडापासून सुरू होऊन आत जाईल तसा रंग कमी कमी. पाणी जसं पसरलं तसा. शेवटच्या टोकाला अजून माझाच जुना रंग.

दांडातच बसून राहिले.

खड्डा पाण्याच्या तोंडाशी. खड्ड्यात थैली. पाणी तिच्यावरून वाहत आमच्याच वावरात. त्या दिवशी पाणी मधेच बंद झालं होतं, ते मला माहीत होतं. माहीत होतं आणि मी दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत.

तो एकटाच खड्डा का खणत होता, ते आता कळतंय.

२८ जानेवारी

रामप्रसादला वावरातच गाठलं. घरात बोलता येत नाही.

"युरिया तुम्ही सोडला."

आधी म्हणाला, कोणी सांगितलं? मी म्हटलं, "कोणी सांगायला कशाला पाहिजे? हे बघा पान, ते बघा पान." दोन पानं त्याच्या हातात दिली, एक दांडाजवळचं, एक टोकाचं. बघत राहिला. मग रडायलाच लागला. लग्नानंतर मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"एकच थैली. खड्ड्यात ठेवली अन् वरून पाणी सोडलं. समदे तसंच करतेत. मंग चारीचं पाणी बंद झालं, थैली उचलून नेली, खड्ड्यातलं आल्यावर पाहू म्हणलं, अन् गेलो बाजारात. मला काय ठाऊक बाबा तिकडून मेंढरं आणतील!"

"मग मामांना सांगा हे. जसंच्या तसं."

"बाबानं मला मारलं तर चालंल. पण बाबा मरतील, मोहिनी. पोटच्या पोरानं मारली हे ऐकून मरतील."

"आणि नरसिंगभाऊ?"

"चार दिवस बोलतील लोक. इसरून जातील."

माझा हात धरून त्याने शपथ घातली. मी हात सोडवून घेतला. पण शपथ काही सोडवता आली नाही.

चार माणसं हसली म्हणून! पानाला काही कमी नव्हतं. गव्हाला काही कमी नव्हतं. माणसाला कमी पडलं.

३ फेब्रुवारी

पारावर बैठक झाली. बायका मागे भिंतीशी. मी गेले. आत्याबाई नको म्हणत होत्या तरी गेले.

कोणी म्हणालं पोलिसात द्या. व्यंकटराव म्हणाले, "पोलीस नको. त्येंच्यावर केस करायला जावं तर आपल्यावरच उलटती. गावातलं गावात." मग म्हणाले, या हंगामात चारीचं दार नरसिंगच्या वावरासाठी उघडायचं नाही. बस्स. कोणाच्या अंगाला हात नाही, शिवी नाही. फक्त पाणी नाही.

माना हलल्या. किती सोप्या हलल्या!

नरसिंगभाऊ उभे राहिले. "माझं काई चुकलं असंल तर मला बोला. गव्हाचा काय गुन्हा? आता तर त्यो दाण्यात येऊन राहिला."

 मामा खाली बघत होते. रामप्रसाद खांबाला टेकून उभा, पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मी सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होते. एकदा — फक्त एकदा — आमची नजर भिडली. तो निघून गेला.

मी उठले नाही. तोंड उघडलं नाही. मागे भिंत होती, भिंतीसारखीच बसले.

५ फेब्रुवारी

भाकरी करपली. आत्याबाई म्हणाल्या, ध्यान कुठं असतंय गं तुजं?

९ फेब्रुवारी

पाण्याची पाळी आली. चारी भरून वाहिली. नरसिंगभाऊंच्या वावरापाशी दार बंद, वर दगड रचलेले. पाणी त्यांच्या गव्हाच्या कडेकडेने वाहत आमच्याकडे आलं. सोजराबाई धुऱ्यावर बसून त्या पाण्याकडे बघत होती. मी आमच्या वावरात फावडं घेऊन. आमच्यात पंधरा पावलांचं अंतर असेल. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने फक्त बघितलं. बराच वेळ. काहीतरी मागत असल्यासारखं. मी पाणी बघायच्या निमित्ताने दुसऱ्या टोकाला निघून गेले.

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी जोराचा वारा सुटला. माझा एकर आडवा झाला. जिथे जिथे काळा होता तिथे तिथे झोपला — काडी उंच गेली, खोड मऊ पडलं, ओंबीचं वजन पेललं नाही. टोकाचा फिकट पट्टा तेवढा ताठ उभा आहे.

व्यंकटराव रस्त्याने जाताना मोटारसायकल थांबवून म्हणाले, "पाह्यलं का? युरिया कमी टाकला की असं व्हतं. ताकदच न्हाई राहत पिकात."

रामप्रसाद माझ्या शेजारी उभा होता. 

हसू आलं मला. खरंच आलं. घरी येऊन मोरीत तोंडावर पाणी मारत हसले, आणि मग बराच वेळ बाहेर आले नाही. आता पुढची वीस वर्षं या गावात कोणी युरिया कमी करणार नाही. आणि सांगतील — रामकिशनच्या सुनेनं केलं होतं, गहूबी गेला अन् मेंढरंबी.

१८ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. मी सांगितलं, माझा प्लॉट बिघडला, जास्तीचा युरिया पडला. कोणी टाकला ते विचारलं नाही त्यांनी.

"मग तुझे आकडे धरता येणार नाहीत ना, मोहिनी. तो दुसरा प्लॉट आहे ना, वरचा?"

"त्याचं पाणी बंद केलंय."

"का?"

सांगितलं. म्हणजे अर्धवट सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरेरे. असं होतं गं गावांमध्ये. बघ, अहवालात मेंढ्यांचं काही नको येऊ देऊस. पुढच्या वर्षी आपण दुसरं गाव घेऊ."

दुसरं गाव. त्यांना दुसरं गाव आहे.

२० फेब्रुवारी

नरसिंगभाऊंच्या गव्हाची ओंबी तोडून दाबली. दुधाचा थेंब यायला हवा होता. आतलं पापुद्र्यासारखं चपटं निघालं. पानं कडेने वाळून वळलीत. अजून एक पाळी बाकी आहे म्हणतात. ती मिळाली तर निम्मं तरी हाती लागेल.

सांगायला पाहिजे. मामांना सांगायला पाहिजे. पेरणीच्या दिवशी ते माझ्या बाजूने बोलले होते. खोटं खपत नाही त्यांना. धक्का बसेल, पण उठून ते स्वतः व्यंकटरावांकडे जातील. मला माहीत आहे मामांचा स्वभाव.

२२ फेब्रुवारी

सांगितलं.

मामा मेंढरांच्या वाड्यात एकटेच बसले होते. वाचलेली मेंढरं एका कोपऱ्यात, बाकी सगळी जागा रिकामी. मी समोर बसले. डोक्यावरचा पदर सारखा करून एका दमात सांगितलं. थैली, खड्डा, बंद झालेलं पाणी, पानांचा रंग, सगळं. रामप्रसादने घातलेली शपथही.

ते एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होते. हात थांबला नाही.

मग त्यांनी विचारलं, "आणखी कोणाकोणाला सांगितलंस?"

हे पहिलं वाक्य. हेच.

"कोणाला नाही."

"बरं केलंस."

२३ फेब्रुवारी

मला वाटलं, रात्रभर विचार करतील आणि सकाळी निघतील. सकाळी मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला, प्याला. म्हणाले, "पोरी, हे घराच्या भाईर जायचं न्हाई."

"मामा, नरसिंगभाऊंचा गहू वाळून राहिला."

"गहू पुढच्या साली पिकंल. पोरगा एकच हाय मला." मग म्हणाले, "लोक काय म्हणतील? पोरानं बापाची मेंढरं मारली अन् सुनेनं गावाला सांगितलं?"

"पण खोटं—"

"मला ठाऊक हाय खोटं काय हाय ते." आवाज चढला नाही. चढला असता तर भांडता आलं असतं.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं सगळं. आत गेल्या आणि जात्यावरची हळद चाळायला लागल्या.

रामप्रसाद आज माझ्याशी चांगलं वागला. बाजारातून गजरा आणला. तो तसाच पुडीत आहे.

२५ फेब्रुवारी

शेवटची पाळी. दगड तसेच.

मी दगडांपर्यंत गेले होते. दोन उचललेही. मग खालून व्यंकटरावांच्या सालगड्याची हाक आली — "कोण हाय तिकडं?" — आणि मी दगड होते तिथे ठेवून दिले. पुन्हा नीट, खळगा राहू नये असे.

यापुढे माझं कोणी काही चांगलं म्हटलं तर मला हे आठवेल.

२७ फेब्रुवारी

कालवा बंद झाला. चारीत ओला गाळ, त्यात बगळे.

१ मार्च

नरसिंगभाऊ वाळलेला गहू जनावरांना घालायला कापत होते. मामांनी बजावलं होतं, तरी मी गेले. दिवसाढवळ्या, सगळ्यांना दिसेल अशी. सोजराबाई पेंढ्या बांधत होती. तिच्यासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. युरिया आमचा. आमच्या माणसाने सोडला. तुमच्याकडून काही आलं नव्हतं.

तिने पेंढी आवळून गाठ मारली. मग वर पाहिलं.

"ठाऊक हाय, बाई. त्या दिवशी सकाळी मी हरभऱ्याची भाजी खुडून राहिले व्हते. तुमच्या मालकाला थैली ठिवताना पाह्यलं म्या."

"मग बोलला का नाहीत? पारावर का नाही बोललात?"

"आमचं कोणी मानलं असतं?" ती म्हणाली. "हे म्हणले, ताईला पान कळतंय. त्या आज न् उद्या बोलतील." दुसरी पेंढी ओढली. "चारीला पाणी व्हतं तवर तुमचीच वाट पाह्यली."